माकडताप आणि काजूचा हंगाम: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माकडतापावर, म्हणजे जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या व्हायरसच्या तापावर, एक छोटी चौकट दिली होती, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बरंच झालं म्हणायचं, कारण जानेवारी ते मे हा या आजाराचा काळ आणि नेमका तोच काजूचाही, त्यामुळे आत्ता नाही सांगितलं तर मग पावसाळ्यात सांगून उपयोग काय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

दोडामार्ग तालुक्यातून एक वाचक: डॉक्टर, ताप माकडांमुळे येतो असं सगळे म्हणतात. मग माकडंच मारून टाकली तर प्रश्न मिटेल ना? तशीही ती बागेत काही ठेवत नाहीत.

बागेचं नुकसान मला माहितीय, नारळ-केळी-फणस काहीच हाताला लागू देत नाहीत, तो राग खरा आहे आणि त्यावर सरकारने वेगळा मार्ग काढायलाच हवा. पण या तापाचं म्हणाल तर माकड मारून तो थांबणार नाही, उलट वाढेल, आणि का ते नीट समजून घ्या कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तोच आहे.

हा व्हायरस राहतो गोचिडीत. जंगलात जमिनीवर राहणारी एक विशिष्ट जातीची गोचीड आहे, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा असं तिचं शास्त्रीय नाव, तिच्या आयुष्यात तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात ती एकदाच पोटभर रक्त पिते. पावसाळा संपता संपता अंड्यातून बारीक पिल्लं निघतात, ती उंदीर, चिचुंद्री असल्या छोट्या प्राण्यांना किंवा माकडांना चिकटतात, त्या प्राण्याच्या रक्तात व्हायरस असेल तर तो पिल्लाच्या पोटात जातो आणि तिथेच राहतो. मग कात टाकून त्या पिल्लाची पुढची अवस्था होते, निम्फ म्हणतात तिला, जेमतेम तिळाएवढी असते, आणि माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच. ही निम्फ जानेवारीपासून मेपर्यंत पाचोळ्यात आणि खुरट्या झुडपांवर कोणीतरी जवळून जाईल म्हणून टपून बसलेली असते.

आता माकडाचं. लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं दोन्ही या व्हायरसने आजारी पडतात आणि पटापट मरतात, म्हणजे तीसुद्धा आपल्यासारखीच याची शिकार आहेत. आजारी माकडाच्या अंगावर शेकडो गोचिडी असू शकतात, ते मेलं आणि अंग गार पडलं की त्या सगळ्या खाली उतरतात आणि त्या झाडाखालचा टापू व्हायरसवाल्या गोचिडींनी भरून जातो. म्हणजे तुम्ही बंदूक चालवून माकड पाडलंत तर हेच तुमच्या बागेत, तुमच्या हाताने झालं, शिवाय बिथरलेला कळप दुसऱ्या वाडीत पळाला तर गोचिडी घेऊनच पळाला. कायद्याने गुन्हा आहे तो वेगळाच.

माकड मेलेलं दिसणं हा या आजारात आपल्याला मिळणारा सगळ्यात लवकरचा इशारा आहे, पुष्कळदा माणसं आजारी पडायच्या आधी मिळणारा, आणि तो वाया घालवू नका एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

सत्तरी, गोवा येथील एक काजू बागायतदार: आमच्याकडे हंगामात बेळगाव-खानापूरकडचे कामगार येतात. त्यांना आणि घरच्यांना जपायचं तर नेमकं काय करायचं? बागेत न जाणं तर शक्य नाही.

शक्य नाहीच, आणि बागेत जाऊच नका असं सांगणारा सल्ला काही कामाचा नाही. गोव्यात या आजाराचे पेशंट 2015 साली तुमच्याच सत्तरीत, पाली गावात सापडले, आणि त्यानंतर काजूच्या कामगारांवर मुद्दाम अभ्यासही झाले, त्यामुळे हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला.

काजूत धोका का जास्त ते कामाच्या पद्धतीतच आहे. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच उचलतात. म्हणजे बाई सकाळपासून कमरेत वाकून, हाताने पाचोळा बाजूला सारत, बोंडू उचलून पिळा देऊन बी वेगळी करत झाडाखालून झाडाखाली जात राहते, तिचे हात, पाय, लुगड्याचा काठ सगळं पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात. दुपारी जेवायला बसतात तेही तिथेच सावलीला, जमिनीवर. निम्फला याहून सोयीचं काय हवं.

तर एक म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच झाडांखालचा पातेरा आणि रान साफ करून घ्या, निदान रोजच्या पायवाटा आणि जेवायची जागा तरी. ते काम करणाऱ्यालाही पुढे सांगतो तीच काळजी घ्यायला सांगा. पातेरा झाडताना हातात खराटा असू दे, ओंजळीने भरू नका. जेवायला बसताना ताडपत्री अंथरा. अंगभर कपडे, फुल पँट आणि तिचे पाय मोज्यात खोचलेले, गमबूट असले तर उत्तम. बायका साडी नेसून जात असतील तर आत लेगिंग आणि मोजे, आणि वरून जुना शर्ट. उकाड्यात हे सगळं घालणं जिवावर येतं मला ठाऊक आहे, पण मार्चमध्ये घाम पुसलेला परवडतो.

उघड्या राहणाऱ्या भागाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावायचं, आरोग्य खात्याकडून डीएमपी किंवा डेपा नावाचं तेल मिळतं, कामाला जायच्या आधी लावा आणि घामाने गेलं की पुन्हा लावा. तेल नुसतं कपाटात ठेवलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. वास आवडत नाही, चिकट वाटतं, म्हणून. बागायतदार म्हणून तुम्ही सकाळी कामाला लावायच्या आधी स्वतः बाटली फिरवलीत तर सगळे लावतील, हे सांगून होत नाही, समोर उभं राहून होतं.

आणि संध्याकाळी घरी गेल्या गेल्या कपडे बदलून ते गरम पाण्यात टाकायचे आणि साबण लावून आंघोळ करायची. आंघोळीत अंग तपासायचं, आणि कुठे तपासायचं तर जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. परकराची नाडी, करगोटा, बनियनची काखेकडची शिवण, मोज्याचा इलॅस्टिक, मांडीचा सांधा, कानामागे, केसांत. निम्फ एवढी बारीक असते की तीळ किंवा मळाचा कण समजून सोडून दिली जाते, नखाने हलकेच सरकवून बघा, सरकत नसेल तर ती चिकटलेली आहे. मग बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, विडीचा चटका, चुना यातलं काही करायचं नाही, आणि नखांवर चिरडायची तर मुळीच नाही. जागा साबणाने धुवा. किती तास चिकटली तर धोका असला हिशोब करत बसू नका, दिसली की काढा आणि तारीख लिहून ठेवा.

कामगारांचं अजून एक. त्यांना ताप आला की ते गावी परत जातात, तिथल्या डॉक्टरला कल्पना नसते की पेशंट दोन महिने सत्तरीच्या बागेत होता. तुम्ही एवढं करा, कामगार निघताना त्याच्या हातात चिठ्ठी द्या, "सत्तरीत काजूच्या बागेत काम केलं, ताप आल्यास माकडतापाची तपासणी करावी", खाली तुमचा नंबर. एका चिठ्ठीने जीव वाचू शकतो.

बांद्याजवळच्या गावातून एक वाचिका: परसात माकड मरून पडलं तर कोणाला सांगायचं? मागे एकदा मुलांनी दोरी बांधून ओढत नेऊन पुरलं होतं.

ते पुन्हा करू देऊ नका, ओढत नेताना वाटभर गोचिडी सांडतात आणि ओढणाऱ्याच्या पायावर आधी चढतात. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, मुलं, कुत्री, गुरं लांब ठेवायची आणि लगेच फोन करायचा. कोणाला? वनरक्षक, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई, ज्याचा नंबर तुमच्याकडे असेल त्याला, आणि त्याने पुढे कळवलं की नाही ते तासाभराने पुन्हा विचारायचं. पशुवैद्यक नमुने घेतात, मग माकड जाळतात, आणि आजूबाजूच्या टापूत कीटकनाशकाची पावडर मारतात. माकड कुजल्यावर कळवलं तर नमुन्यातून काही हाती लागत नाही, म्हणून उशीर नको. त्या जागी हंगाम संपेपर्यंत सरपण, पातेरा, काही गोळा करायला जाऊ नका.

सावंतवाडीहून एक वाचक: आईला मार्चमध्ये ताप आला, डेंग्यू म्हणून ट्रीटमेंट चालली, चार-पाच दिवसांनी माकडताप निघाला. आई आता बरी आहे, पण एवढा उशीर का झाला? ओळखायचं कसं?

आई बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. उशीर होतो कारण सुरुवातीचं चित्र डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस यांच्यासारखंच असतं. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कंबर-पिंढऱ्यांचे स्नायू हात लावू देत नाहीत इतके दुखणारे, डोळे लाल, उलट्या-जुलाब. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही खाली येतात, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. प्लेटलेट कमी दिसल्या की हात आपोआप डेंग्यूकडे वळतो, त्यात डॉक्टरचाही एकट्याचा दोष नाही.

फरक करायला मदत होते ती दोन गोष्टींची. एक म्हणजे महिना कुठला चालू आहे ते. लेप्टो आपल्याकडे मुख्यतः भातलावणीच्या चिखलातला, स्क्रब टायफस पावसाळ्यात आणि त्यानंतर, आणि जानेवारी ते मे मध्ये कोरड्या दिवसांत जंगलकाठच्या माणसाला असा ताप आला तर माकडताप डोक्यात यायलाच हवा. दुसरी गोष्ट पेशंटने सांगायची. "डॉक्टर, मी काजूला जाते", "सरपणाला गेले होते", "आमच्या वाडीत माकड मेलंय", ही वाक्यं आपणहून बोला, विचारायची वाट बघू नका. आपल्याकडे बायका पाच मिनिटांच्या ओपीडीत ताप आणि अंगदुखी सांगतात, कामाचं सांगतच नाहीत, कारण काम म्हणजे सांगण्यासारखं काही असतं असं त्यांना वाटतच नाही.

तपासणी पहिल्या काही दिवसांतच पीसीआरने होते, नंतर अँटिबॉडीची आयजीएम टेस्ट. सरकारी दवाखान्यातून नमुना ठरलेल्या लॅबला जातो, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, हे काम कित्येक वर्षं चालू आहे. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही, सलाईन, तापाला पॅरासिटामॉल, रक्तस्रावावर लक्ष हे लगेच सुरू व्हावं लागतं, व्हायरसवर थेट चालणारं खात्रीचं औषध आजतरी नाही. आणि एक हात जोडून सांगणं, तापात अंग दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मागून घेऊ नका, याने रक्तस्राव वाढतो. शंभरातले साधारण तीन ते पाच पेशंट दगावतात, वेळेत अ‍ॅडमिट झालेल्यांना पुष्कळ आधार मिळतो.

त्याच पत्रातला पुढचा प्रश्न: घरातल्यांना लागण होते का? आणि ताप पुन्हा येतो म्हणतात ते खरं का?

माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, आईचं ताट वेगळं, खोली वेगळी असलं काही करू नका, जवळ बसा. अशा पेशंटला वाळीत टाकल्यासारखं वागवतात ते ऐकून फार वाईट वाटतं.

ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी काही जणांना, दहातल्या एक-दोघांना, दुसरा फेरा येतो हे मात्र खरं आहे. त्यात ताप, भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, नजर धूसर होणं, बोलण्यात गोंधळ असं मेंदूशी संबंधित काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या, तुमच्याकडून जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. बहुतेक जण यातूनही पूर्ण बरे होतात. थकवा मात्र काही आठवडे राहतो, आईला लगेच बागेत पाठवू नका.

पुण्याहून एक निवृत्त शिक्षक: हा आजार कर्नाटकातला, मग आपल्याकडे कसा आला? परदेशातून आलाय असंही वाचलं.

सर, 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, आणि पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या एनआयव्हीने, तो व्हायरस शोधून काढला. रशियातल्या एका गोचीडजन्य मेंदूज्वराच्या व्हायरसशी तो जवळचा निघाला म्हणून स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की काय अशी शंका आली, त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी पक्ष्यांना कड्या घालून अभ्यास करायच्या मोठ्या कामाला हात घातला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्ष्यांबद्दल खजिनाभर माहिती मिळाली ती त्यामुळे.

पुढे कित्येक दशकं तो शिमोगा आणि आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतच राहिला. 2012 नंतर मात्र बंदीपूर, निलगिरी, वायनाड, मग 2015 ला गोवा आणि 2016 ला आपल्या दोडामार्गातलं केर गाव, 2017 ला बांद्याचा परिसर, असा सह्याद्रीच्या कडेकडेने तो दिसत गेला. यातला काही भाग तपासण्या वाढल्या म्हणून दिसला असणार, आधीचे किती ताप नुसते "ताप" म्हणून गेले असतील कोण जाणे. पण जंगलाचं काय झालं तेही बघावं लागतं. दाट सदाहरित जंगलापेक्षा जिथे जंगल तुकड्या-तुकड्यांत उरलंय आणि मध्ये मध्ये बागा, शेतं, वस्त्या आहेत तिथे हा आजार जास्त दिसतो असं अभ्यास सांगतात. दक्षिण कन्नडमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राखीव जंगल तोडून काजू लावायला घेतला, आणि तिथेच या तापाची भयंकर साथ उसळली, शंभरावर माणसं गेली. आता दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर गेल्या काही वर्षांत रबर, अननस, काजूसाठी किती झाडी साफ झाली ते तिकडून गाडीने गेलात तरी दिसेल. मला या तोडीची खरोखर भीती वाटते.

दोडामार्ग आणि खानापूरहून बऱ्याच जणांनी: लस आहे ना? मग मिळत का नाही?

होती. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढवून निष्क्रिय केलेली लस कर्नाटकात 1990 पासून देत होते, महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे काही वर्षं दरवर्षी एक. इंजेक्शन दुखायचं, लोक पहिला डोस घेऊन परत यायचे नाहीत, आणि बूस्टर पूर्ण करूनही संरक्षण पुरेसं मिळत नाही असं दिसायला लागलं. शेवटी 2022 मध्ये ती बंद झाली. नवीन लसीवर आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स ही कंपनी मिळून काम करतायत, पण हे लिहीपर्यंत तरी ती दवाखान्यात आलेली नाही, तेव्हा कोणी खासगीत "माकडतापाची लस" देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. लस येईपर्यंत तेल, कपडे आणि आंघोळ हीच लस. आणि म्हणूनच ग्रामसभेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच मागणी करा की तेल पहिला पेशंट सापडायच्या आधी वाटा, फेब्रुवारीत वाटलेल्या तेलाने जानेवारीतला माणूस वाचत नाही.

एक वाचिका, तिलारी परिसर: आमच्या म्हशींच्या अंगावर गोचिडी असतात. दूध प्यावं का?

दुधातून हा ताप आल्याचं आढळलेलं नाही, उकळून बिनधास्त प्या. गुरांना हा आजार होत नाही, पण मोठ्या झालेल्या गोचिडी पावसाळ्यात गुरांचंच रक्त पितात आणि खाली पडून हजारोंनी अंडी घालतात, म्हणून जंगलात चरणाऱ्या गुरांना पशुवैद्यकाला विचारून गोचीडनाशक लावाच. गोठ्यात अंथरायला जानेवारीनंतर जंगलातला पातेरा आणू नका, भाताचा पेंढा वापरा. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ-पातेरा आणायचाच असेल तर काजूत सांगितलेली सगळी काळजी तिथेही.

मुंबईहून एक वाचक: हा आणि काँगो ताप एकच का? आमच्या कुत्र्यालाही गोचिडी होतात.

एक नाहीत. काँगो तापाची गोचीड वेगळी, व्हायरस वेगळा, आणि तो आजारी जनावराच्या किंवा माणसाच्या रक्तातूनही पसरतो, 2011 ला गुजरातेत तो भारतात पहिल्यांदा सापडला तेव्हा पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. मुंबईतल्या कुत्र्याच्या अंगावरच्या नेहमीच्या गोचिडीमुळे माकडताप होत नाही, कुत्र्यासाठी म्हणून औषध करा.

डोंबिवलीहून एक चाकरमानी: मे महिन्यात मुलांना घेऊन दोडामार्गला गावी जातोय. जाऊ की नको?

जा, आजी-आजोबा वाट बघत असतील. गावात पोचल्यावर आशाताईंना विचारा की यंदा माकड मेलंय का, पेशंट सापडलाय का, आणि कुठल्या बाजूला. तो भाग सोडून बाकी घर, अंगण, नदी सगळं मोकळं. करवंदं-काजूला मुलं जाणारच, तर फुल पँट-मोजे घालून, तेल लावून, मोठं माणूस बरोबर असताना, आणि आल्यावर रोज आंघोळीला तुम्ही स्वतः कानामागे आणि केसांत बघा. परत डोंबिवलीला आल्यावर दोन आठवड्यांत कोणाला ताप आला तर तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही दोडामार्गहून आलोय.